मदत हवी आहे: वाळवंट सफारी. मागच्या वेळी क्वाड वळलीच नाही, या वेळी सोबत सासरे आणि पंधरा वर्षांचा मुलगा

मंडळी, जरा सल्ला हवा आहे. लांबलचक लिहितेय, आधीच माफी मागून ठेवते.

दोन महिन्यांनी आम्ही पाच जण वाळवंटात जातोय. मी, नवरा, नणंद, मुलगा (१५ पूर्ण) आणि सासरे (६८). मार्गदर्शकासोबतची एका दिवसाची सफारी घ्यायचं चाललंय. दुपारी गाडी न्यायला येते, पाऊण तास वाळूच्या टेकड्यांवरून वरखाली, मग अर्धा तास क्वाड बाईक (चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखी हँडल धरून चालवायची गाडी), मग सूर्यास्त बघून परत. नवरा आणि मुलगा आतापासूनच व्हिडिओ बघत बसलेत. माझ्या मात्र पोटात गोळा आलाय, कारण चार वर्षांपूर्वी मी अशीच एक सफारी करून बसलेय.

तेव्हा मला बसवलं सगळ्यात मागच्या सीटवर. तिसऱ्याच टेकडीला पोट ढवळायला लागलं. पुढे बसलेली मंडळी चालकाला "अजून जोरात" म्हणून ओरडत होती, त्यात माझं "जरा हळू" कोण ऐकणार? शेवटी गाडी थांबवून वाळूत ओणवी झाले. त्यातून सावरते न सावरते तोच क्वाड. शिकवणी एका मिनिटाची: हा अंगठा दाबला की पळते, हा ब्रेक, चला. एका सपाट जागी मी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. पुढची दोन्ही चाकं वळलेली मला डोळ्यांनी दिसत होती, पण बाई आपली नाकासमोर सरळ चाललेली! समोर एक खुरटं झुडूप होतं, त्यात घुसली. मी घाबरून डावा पाय खाली टेकवला आणि मागचं चाक पोटरीला घासून गेलं. महिनाभर पोटरी काळीनिळी. मार्गदर्शक म्हणाला, तुम्ही जोरात होतात. मी जोरात नव्हते हो. माझ्या बाजूने चालत माणूस पुढे गेला असता, एवढी हळू होते.

तर प्रश्न असे. क्वाड वळली का नाही? माझं काय चुकलं? सासऱ्यांच्या कमरेत दोन मणक्यांमधली चकती सरकलेली आहे, एरवी ठणठणीत आहेत आणि "मी येणारच" म्हणून हटून बसलेत, तर त्यांना गाडीत बसवावं का? मुलाला क्वाड द्यावी का? आणि गाडी लागू नये म्हणून काय करता येईल?

– पाऊलवाट

निवांत_बसा: चौथ्या प्रश्नाचं उत्तर: मुलाला विचारू नका. पाचव्याचं: जाऊ नका. 😀

पाऊलवाट: निवांत, तुमच्याकडून हेच अपेक्षित होतं.

जुनी_जीप: ताई, तुमचं काही चुकलं नव्हतं, तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

मोटारीच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. बहुतेक क्वाडना मागे तो नसतोच. एक सलग दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. दोन्ही एकाच वेगाने फिरणार, म्हणजे दोघांनाही सरळच जायचंय. तुम्ही मधोमध ताठ बसून फक्त हँडल फिरवलंत की मागची दोन चाकं मिळून पुढच्या दोघांना ढकलत सरळ नेतात. भुसभुशीत वाळूत पुढची चाकं नांगरासारखी नुसती माती लोटतात. हळू असताना हे जास्त जाणवतं, त्यामुळे तुमचं "मी जोरात नव्हते" मला पूर्ण पटतं.

वळवायची कशी? सीटवर थोडं पुढे सरका, अंग वळणाच्या आतल्या बाजूला न्या आणि वजन मात्र बाहेरच्या पायावर द्या. डावीकडे वळायचं तर बूड आणि खांदे डावीकडे, जोर उजव्या पायठ्यावर (पाय ठेवायच्या जागेवर). असं केलं की आतलं मागचं चाक जरा हलकं होतं, थोडं घसरतं आणि यंत्र वळतं. सपाट जागी आठ आकड्याचे चारपाच फेरे मारले की अंगात बसतं. ते फेरे मारू दिल्याशिवाय टेकड्यांकडे निघायचंच नाही, हे मार्गदर्शकाला आधीच सांगा.

आणि पाय. काहीही झालं तरी पाय पायठ्यावरच. सायकल, स्कूटरची सवय असलेला प्रत्येक जण तोल गेला की पाय टेकवतो, आणि क्वाडचं मागचं चाक नेमकं त्या पायाच्या मागेच असतं. तुमची पोटरी निळी होण्यावर निभावलं, हे नशीब समजा.

पाऊलवाट: जुनी_जीप, चार वर्षं मला वाटत होतं की मला चालवताच येत नाही. आत्ता खुर्चीवर बसून डावीकडे कलून बघितलं, नणंद विचारतेय काय झालं म्हणून.

वाळूचा_कण: क्वाडचं झालं, मी गाडीबद्दल लिहितो. काही वर्षं हौशी मंडळींबरोबर वाळूत गाड्या घालतोय, रुतलोयही भरपूर.

आधी टेकडी कशी असते ते बघा, मग पोट का ढवळतं ते कळेल. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू लांब आणि मंद चढाची, साधारण १० ते १५ अंशांची. तिथली वाळू वाऱ्याने ठोकून बसवलेली, त्यातल्या त्यात घट्ट. माथ्यापलीकडची आडोशाची बाजू एकदम ३० ते ३४ अंशांची. कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही, ओघळते. म्हणून चालक घट्ट बाजूने वेग घेऊन चढतो, माथ्यावर क्षणभर वेग कमी करतो आणि पलीकडे सरळ खाली सोडतो. सरळच. त्या उतारावर गाडी आडवी गेली तर कलंडते. ते नाक खाली करून घसरणं भयंकर वाटतं, पण धोका आडवं जाण्यात असतो. तुमचा चालक टेकडीच्या पोटावरून आडवा, तिरका नाचवत नेत असेल, तर ती हौस प्रवाशांसाठी नाही, त्याच्या स्वतःसाठी आहे.

निघताना एक गोष्ट बघा. डांबरी रस्ता सोडताना चालक खाली उतरून चारही चाकांची हवा कमी करतो का? रस्त्यावर ३०–३५ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) असते, ती साधारण १५ च्या आसपास आणतात. टायर खाली पसरतो, मुख्यतः लांबीत, आणि वजन जास्त वाळूवर वाटलं जातं. फुस्स आवाज येत राहतो आणि लोकांना वाटतं पंक्चर झालं. हवा न काढता घुसणारा चालक जोरावर गाडी नेणार, म्हणजे धक्के जास्त. परत रस्त्याला लागताना हवा भरायला पुन्हा थांबायलाच हवं, कमी हवेत वेगाने पळवलं तर टायर तापतो. तेव्हा "उशीर होतोय, चला" म्हणू नका.

(थोडं अवांतर: ही हवा कमी करायची युक्ती, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या, हे सगळं १९२० आणि ३० च्या दशकांत राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घालून घोटून काढलं. सुट्ट्या काढून, स्वखर्चाने! पुढे तोच माणूस वाळू वाऱ्याने कशी हलते याचं शास्त्र लिहून गेला, ते आजही अभ्यासतात.)

पाऊलवाट: अवांतर आवडलं. पण माझं पोट?

वाळूचा_कण: हो हो, विसरलोच. सगळ्यात मागची सीट मागच्या चाकांच्या वर किंवा मागे असते, तिथे उसळी सगळ्यात मोठी. पुढे चालकाशेजारी बसा, नाहीतर मधल्या रांगेत. नजर क्षितिजावर, मोबाईलमध्ये नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांना हमखास लागते. जेवण हलकं आणि दीडदोन तास आधी, पण उपाशीही जाऊ नका.

डॉक्टरीण_नाही_पण: गोळीबद्दल एक महत्त्वाचं. गाडी लागण्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. गोळी घेऊन गाडीत बसणं ठीक, पण त्याच गुंगीत तासाभराने क्वाड चालवणं ठीक नाही. दोनपैकी एक निवडा, किंवा क्वाड आधी ठेवायला सांगा आणि गोळी त्यानंतर, गाडीआधी अर्धा-एक तास मिळेल अशी घ्या. गोळी कुठली ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, सासऱ्यांची औषधं चालू असतील तर त्यांच्यासाठी वेगळं विचारा.

आणि सासऱ्यांचं सरळ सांगते, रागावू नका. टेकड्यांवरची ती उड्यांची फेरी त्यांना नको. माथ्यावरून गाडी आपटली की तो धक्का सीटमधून थेट कमरेच्या मणक्यात जातो. बसलेल्या अवस्थेत पाय तो धक्का झेलू शकत नाहीत. पाठीचा त्रास, गरोदरपण, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हे सफारीवाल्यांच्या अर्जावर बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच असतं. लोक न वाचता सही करतात.

शंकासुर: पण माणूस हौसेने येतोय, त्याला हॉटेलात ठेवायचं? माझे काका सत्तरीत गेले होते, काही झालं नाही.

डॉक्टरीण_नाही_पण: काकांना काही झालं नाही याचा आनंदच आहे. त्यांची चकती सरकलेली होती का?

शंकासुर: नाही.

जुनी_जीप: हॉटेलात कशाला ठेवायचं? बऱ्याच सफारींमध्ये टेकड्या टाळून सपाट वाटेने छावणीपर्यंत जाणारी गाडीही असते, मागावी लागते. सासरे तिने येतील, सूर्यास्त सगळ्यांबरोबर बघतील. फक्त हे आयत्या वेळी चालकाला सांगायचं नाही, नोंदणी करतानाच लेखी विचारायचं. आयत्या वेळी तो "काही होत नाही, काका, बसा" म्हणणार आणि काका बसणार.

मुलाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे, १६ च्या आत क्वाड चालवायला देऊ नये. मुलं भित्री नसतात, हाच प्रश्न आहे. शिवाय या यंत्रात वजन इकडून तिकडे टाकावं लागतं आणि हलक्या शरीराला मोठं यंत्र ऐकत नाही. "मागे बसवतो" म्हणतील, तर एकाच माणसासाठी बनवलेल्या क्वाडवर दोघं बसले की वजन हलवायला जागाच राहत नाही. हेल्मेट घालून सपाट, बंदिस्त जागेत छोट्या इंजिनाची, वेग बांधून ठेवलेली क्वाड मिळत असेल तर निर्णय तुमचा. टेकड्यांवर मोठी क्वाड, मी तरी देणार नाही.

आणि ज्याला कुणाला क्वाड मिळेल त्याने माथ्यापलीकडे काय आहे हे न बघता उडी मारायची नाही. मार्गदर्शकाच्या चाकोरीतून जायचं, पुढच्यापासून अंतर ठेवून. क्वाडवर उंच काठीला झेंडा असतो तो शोभेला नाही, टेकडीपलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसावेत म्हणून. झेंडा नसलेली दिली तर बदलून मागा. चढताना निम्म्यात दम जातोय वाटलं तर अंगात वेग असतानाच वळून खाली या. थांबलात की मागे घरंगळणार.

प्रवासी_पक्षी: विमा बघा. साध्या प्रवास विम्यात क्वाड बाईक पुष्कळदा वगळलेली असते, साहसी खेळांचं कलम वेगळं घ्यावं लागतं. आणि वेळ शक्यतो सकाळची किंवा उन्हं कलल्यानंतरची. माध्यान्ही सावली नसते, सगळं एकसारखं पांढरट दिसतं आणि टेकडीची धार चालकालाही कळत नाही.

पाऊलवाट: सगळ्यांचे आभार. काल सफारीवाल्यांना लेखी विचारलं, आज उत्तर आलं. सासऱ्यांसाठी सपाट वाटेची गाडी आहे, नणंदही तिनेच जाणार (तिला म्हणे मुळातच उड्या नको होत्या, बोलली नव्हती). क्वाड आधी, गाडी नंतर, असं करून देतील. आठ आकड्याचे फेरे मारून घ्यायला दहा मिनिटं देऊ म्हणाले. मुलाला टेकड्यांवर क्वाड नाही, हे त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलं. सध्या घरात अबोला आहे.

सासऱ्यांना सांगणं अवघड जाईल वाटलं होतं. ते म्हणाले, "चालकाशेजारची सीट मला मिळणार ना?" मिळणार म्हटल्यावर गप्प बसले.

शेवटचं एक. मला चष्मा आहे. वाळूसाठीचा गॉगल त्यावर बसतो का?

वाळूचा_कण: चष्म्यावरून घालायचे मोठे गॉगल मिळतात, पण घरूनच न्या आणि हेल्मेटसकट घालून बघा. तिथले भाड्याचे बहुधा ओरखडलेले असतात. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र त्या दिवशी नको, एक कण आत गेला की संपलं.

निवांत_बसा: आल्यावर सांगा, वळली का.