थेऊरची सहल, ‘स्वामी’ आणि हिरव्या साड्या
(सोसायटी ग्रुपवरील चर्चा, शुक्रवार)

सेक्रेटरी (ए-104), सायं. 7:05
नमस्कार मंडळी. रविवारी थेऊर सहल. बस सकाळी 6:30 ला मेन गेटपाशी येईल, कोणासाठीही थांबणार नाही. आधी चिंतामणीचं दर्शन, मग नदीकाठी थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाईंचं वृंदावन. तिथे महिला मंडळातर्फे ओटी आणि हळदीकुंकू. महिलांनी शक्यतो हिरवी साडी नेसावी. नाश्ता-जेवणासह 550 रु.

अनघा (बी-302), 7:21
सेक्रेटरीसाहेब, सहल छानच. पण सती गेलेल्या बाईच्या वृंदावनापाशी हळदीकुंकू, ओटी, हिरव्या साड्या हे कोणी ठरवलं? मीटिंगमध्ये फक्त दर्शन आणि जेवण ठरलं होतं. मला हे अजिबात पटलेलं नाही, आणि गप्प बसणं जमणार नाही म्हणून इथेच लिहिते आहे.

कुंदाकाकू (सी-003), 7:26
मी ठरवलं. त्या दिवशी तू मीटिंगमधून लवकर गेलीस. रमाबाईंबद्दल आदर दाखवण्यात गैर काय आहे? आमची अख्खी पिढी रमा-माधवांवरची ‘स्वामी’ मालिका बघत मोठी झाली. दूरदर्शनवर लागायची तेव्हा आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एकच टीव्ही होता. जिन्यात माणसं बसायची. रमाबाई झालेली मृणाल देव (आताची मृणाल कुलकर्णी) तेव्हा सोळा वर्षांची पोर, पण काय काम केलंय! आणि रवींद्र मंकणी. माधवराव म्हटलं की अजून तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो.

जोशीकाका (ए-201), 7:31
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या मालिकेने माधवरावांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांच्यावर अन्याय केला. 1758 साली लाहोर घेणारा, अटकेपर्यंत मराठ्यांचं नाव नेणारा सेनापती लोकांच्या लक्षात फक्त कारस्थानी काका म्हणून राहिला. याचा कोणी विचार करतं का?

समीर (बी-405), 7:33
काका, राघोबादादा आपल्या बिल्डिंगमध्ये असते तर एव्हाना सोसायटीचे दोन भाग झाले असते आणि निम्मं पार्किंग निजामाकडे 😄

पाटील (बी-101), 7:35
पार्किंगवरून आठवलं. मागच्या सहलीला बस गेटमध्ये आडवी उभी होती आणि मला ड्यूटीला उशीर झाला. या वेळी बस बाहेर रस्त्यावर थांबवा.

अनघा (बी-302), 7:40
काकू, मालिका मलाही प्रिय आहे. रणजित देसाईंची कादंबरी मी नववीत असताना वाचली आणि रात्रभर रडले. 1962 ची कादंबरी, 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार, आजही घराघरांत आहे. पण ती कादंबरी आहे. रमा-माधव एकमेकांशी एकांतात काय बोलले हे लेखकाने रचलं, आणि इतकं सुंदर रचलं की शेवटी रमाबाई चितेवर चढतात तेव्हा आपल्याला ती प्रेमाची परिसीमा वाटते. मालिकेत तर त्याला चेहरा आणि संगीत मिळालं. माझा आक्षेप तिथे नाही. पडद्यावरच्या त्या भावनेचा आपण नदीकाठी जाऊन विधी करायचा, याला आहे.

कुंदाकाकू (सी-003), 7:44
रमाबाई सती गेल्या हे देसाईंनी रचलं का? 18 नोव्हेंबर 1772. इतिहासच आहे तो.

अनघा (बी-302), 7:52
हो, इतिहासच आहे. मग इतिहास पूर्ण घेऊ या. त्याच पेशवे घराण्यात थोरल्या बाजीरावांच्या मागे काशीबाई सती गेल्या नाहीत. नानासाहेबांच्या मागे गोपिकाबाई गेल्या नाहीत. पानिपतानंतर पार्वतीबाई नवरा जिवंत आहे या आशेवर वर्षानुवर्षं जगल्या. आणि नारायणरावांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. त्या जगल्या म्हणून 1774 मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. यातल्या कोणाच्या नावाने आपण कधी ओटी भरली? अहिल्याबाई होळकरांना मल्हाररावांनी सती जाऊ दिलं नाही, म्हणून महेश्वर उभं राहिलं. ही बाई कमी पतिव्रता होती का?

मानसी (ए-303), 7:55
अनघाताई 👏 मी जुनी ‘स्वामी’ पाहिलेली नाही, पण ‘रमा माधव’ सिनेमा पाहिला. त्यात मृणाल कुलकर्णींनी गोपिकाबाई केली आणि दिग्दर्शनही त्यांचंच. मंकणी त्यात नानासाहेब! म्हणजे मालिकेतली रमा मोठेपणी सासू झाली आणि माधवराव स्वतःचेच वडील. आईने सांगेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कुंदाकाकू (सी-003), 7:57
सिनेमा ठीक होता. मालिकेची सर नाही.

समीर (बी-405), 7:58
काकूंना मालिकेशिवाय काही चालत नाही. 2019 ला ‘स्वामिनी’ लागली तेव्हाही रोज तक्रार आणि रोज हजेरी 😄

जोशीकाका (ए-201), 8:02
माझ्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही. पुन्हा लिहितो. 1758, लाहोर, अटक. राक्षसभुवनच्या लढाईतही दादासाहेब पुतण्याबरोबर होते. मालिका बघणाऱ्यांना हे माहीत आहे का?

अनघा (बी-302), 8:06
काका, माहीत आहे. पण 1762 मध्ये दादासाहेब निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून आले आणि माधवरावांना आळेगावला स्वतःहून काकांच्या छावणीत जावं लागलं, हेही खरं. 1768 ला धोडपच्या लढाईत दादासाहेब पुतण्याकडून हरले, मग शनिवारवाड्यात नजरकैद. सोळाव्या वर्षी पेशवेपद मिळालेल्या मुलाला घरातूनच इतका त्रास होता, हे कादंबरीने खोटं सांगितलेलं नाही. तुमचं म्हणणं एवढ्यापुरतं मान्य की दादासाहेबांची उत्तरेतली मर्दुमकी मालिकेच्या विषयातच नव्हती. माधवरावांची गोष्ट 1761 पासून सुरू होते ना.

जोशीकाका (ए-201), 8:09
म्हणजे विषयात नव्हती म्हणून सोडून द्यायची. वा. छान.

समीर (बी-405), 8:10
काका, चिडू नका. दादासाहेबांचा मेंटेनन्स माफ करू.

जोशीकाका (ए-201), 8:12
समीर, मेंटेनन्सचा विषय तू काढू नयेस. नोटीस बोर्डावर यादी लागलेली आहे.

सेक्रेटरी (ए-104), 8:13
कृपया वैयक्तिक नको. ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांनी उद्या दुपारपर्यंत भरावेत. (सहलीचे म्हणतोय.)

ॲड. देशमुख (सी-202), 8:20
एक कायदेशीर बाजू सांगून ठेवतो, कोणाला घाबरवायचं नाही. 1987 च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांच्या रूप कंवरची घटना घडली आणि त्यानंतर केंद्राने सती प्रतिबंधाचा कायदा केला. त्यात सतीच्या गौरवालाही शिक्षा आहे: किमान एक वर्ष, कमाल सात वर्षं, शिवाय 5,000 ते 30,000 रु. दंड. समारंभ, मिरवणूक हे गौरवात धरलं जातं. आणि सतीची घटना कायद्याच्या आधीची असली तरी व्याख्या लागू होते. वृंदावन पाहणं, नमस्कार करणं, इतिहास सांगणं याला कोणी काही म्हणणार नाही. पण लेटरहेडवर ‘ओटी व हळदीकुंकू’ छापू नका, असा माझा सल्ला.

कुंदाकाकू (सी-003), 8:24
म्हणजे आता हळदीकुंकू केलं म्हणून आम्हाला तुरुंगात टाकणार? मंडळात बारा बायकांनी साड्यांना फॉल लावून घेतलेत. एका मेसेजने तुम्ही सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओतलंत. अनघा, तू मला फोन करू शकली असतीस.

अनघा (बी-302), 8:27
फोन करायला हवा होता, बरोबर आहे तुमचं. पण नोटीस सगळ्यांना गेली होती म्हणून सगळ्यांसमोर लिहिलं.

पाटील (बी-101), 8:28
बस बाहेर थांबणार की नाही? कोणी उत्तर देईल का?

ओंकार (बी-002), 8:41
मी आजीचा मेसेज टाईप करतोय. आजी बोलतेय, मी लिहितोय.

“कुंदा, तुझा राग समजतो. पण माझं ऐक. माझे यजमान गेले तेव्हा पदरात दोन मुलं होती, धाकटा रांगत होता. पुढे बऱ्याच वर्षांनी ‘स्वामी’ लागली. शेवटच्या भागाला मी शेजारी गेले होते. थेऊरचा प्रसंग लागला, माधवरावांना क्षयाने खाल्लेलं, खोकल्याची उबळ. मंकणींनी असा केला होता की माझ्याच घशात दाटून आलं. मग रमाबाई निघाल्या. सगळ्या जणी डोळे पुसत होत्या, मीही पुसत होते. तेवढ्यात एक बाई म्हणाली, ‘याला म्हणतात खरी पतिव्रता.’ मी उठले आणि घरी आले. त्या बाईच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं, ती पडद्याकडेच बघत होती. पण मी त्या खोलीत एकटीच विधवा होते. पोरांची शिक्षणं केली, शिवणाची मशीन चालवली, मग मी काय खोटी? ती मालिका मला आजही आवडते. लागली तर पुन्हा बघेन. पण ओटीच्या कार्यक्रमाला मला कोणी बोलावलेलं नाही, आणि हिरवी साडी मला नेसायची नाही.”

आजी म्हणतेय एवढंच.

मानसी (ए-303), 8:44
आजी 🙏🙏

कुंदाकाकू (सी-003), 8:52
आजी, तुमचा विचार आमच्या मनात आला नाही हे खरं आहे. कोणाला वगळायचं म्हणून ठरवलं नव्हतं.

जोशीकाका (ए-201), 8:55
आजींचं म्हणणं योग्य. मात्र दिग्दर्शकाबद्दल एक सांगायचं राहिलं. गजानन जागीरदार. 1944 ला प्रभातच्या ‘रामशास्त्री’त रामशास्त्री प्रभुणे त्यांनीच केले होते, म्हणजे नारायणरावांच्या खुनात दादासाहेबांना दोषी ठरवणारा न्यायाधीश! त्याच माणसाने ‘स्वामी’ केली. दादासाहेबांना न्याय कुठून मिळणार?

समीर (बी-405), 8:57
काका, हे भारी आहे. खरंच माहीत नव्हतं.

जोशीकाका (ए-201), 8:58
माहीत करून घ्या. म्हणूनच पुन्हा पुन्हा लिहितो.

अनघा (बी-302), 9:06
आजी, तुम्ही जे सांगितलंत ते मी तीन मेसेज लिहूनही सांगू शकले नव्हते.
काकू, माझी विनंती अशी. बसमध्ये जाताना तुम्ही सगळ्यांना मालिकेच्या आठवणी सांगा, तुमच्याइतकं कोणाला आठवत नाही. मुलांना माधवरावांबद्दल सांगू: पानिपतावर पार मोडलेलं राज्य त्यांनी अकरा वर्षांत उभं केलं आणि सत्ताविसाव्या वर्षी गेले. देवळातला लाकडी सभामंडप त्यांनीच बांधल्याचं सांगतात, तो दाखवू. वृंदावनापाशी जाऊ, उभं राहू, नमस्कार करू. फक्त ओटी नको, आणि सवाष्ण-विधवा असा भेद नको.

कुंदाकाकू (सी-003), 9:15
नमस्कार तर मी करणारच, तो कोणाच्या परवानगीने करणार नाही. ओटी रद्द. हळदीकुंकू करायचंच तर संक्रांतीला सोसायटीच्या हॉलमध्ये करू, आणि आजींना पहिलं वाण देईन. पण अनघा, मालिकेने आम्हाला बिघडवलं असा तुझा सूर होता, तो मला लागला. त्या मालिकेमुळे मी इतिहासाचं पहिलं पुस्तक हातात धरलं. नाहीतर आम्हाला बखर कोण वाचायला देणार होतं?

अनघा (बी-302), 9:19
असा सूर लागला असेल तर माफ करा. पुस्तक तर माझ्याही हातात तिथूनच आलं.

मानसी (ए-303), 9:21
कोणाकडे कादंबरी आहे का? रविवारच्या आधी जमेल तेवढी वाचते.

कुंदाकाकू (सी-003), 9:22
माझ्याकडे आहे. पानं सुटी झालीत, नीट सांभाळ. आत्ता ये, मी जागी आहे.

ओंकार (बी-002), 9:24
आजी विचारतेय, बसमध्ये पुढची सीट मिळेल का? गुडघे दुखतात.

सेक्रेटरी (ए-104), 9:30
आजींना पहिली सीट. सुधारित सूचना: हळदीकुंकू व ओटी रद्द, साडी कोणत्याही रंगाची. जोशीकाका बसमध्ये रघुनाथरावांवर दहा मिनिटं बोलतील. (फक्त दहा.) पाटीलसाहेब, बस बाहेर रस्त्यावरच थांबेल.

जोशीकाका (ए-201), 9:32
दहा मिनिटांत अटकेपर्यंत पोचणं शक्य नाही. पंधरा द्या.

पाटील (बी-101), 9:33
धन्यवाद. आता उद्या सकाळी पाणी किती वाजता बंद करणार आहात तेही सांगा.