मदत हवी आहे: 'ग्रीस अँड रोम ॲट वॉर', 1981 ची आवृत्ती की 1998 ची?

प्राचीन ग्रीक-रोमन युद्धकलेवरच्या पीटर कॉनोली यांच्या या सचित्र पुस्तकाची 1981 ची प्रत माझ्याकडे आहे. शिवण सुटलीये आणि उन्हामुळे रोमन ढालींचा लाल रंग विटकरी झालाय. बदली प्रत घ्यायचीये, पण तीच जुनी शोधावी की 1998 ची सुधारित, इथे अडलोय.

ग्रंथालयांच्या सूचीत आयएसबीएन आणि पानसंख्या पाहून झाली, त्यातून मजकुराचं काही कळत नाही. एका विक्रेत्याने फोटो पाठवले, तेही मुखपृष्ठाचेच! जोडपानावरची चित्रं उघडून दाखवा म्हटलं तर उत्तर नाही.

माझा मुख्य रस पट्ट्यांच्या रोमन चिलखतात आहे. 1964 मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्ब्रिजला सापडलेल्या पेटीतल्या अवशेषांवरून त्याची रचना उलगडली. पण जर्मनीतल्या काल्क्रीझ या रोमनकालीन रणभूमीचं उत्खनन 1987 नंतरचं, म्हणजे पहिल्या आवृत्तीत ते असणं शक्यच नाही. तिथल्या तुकड्यांनी हे चिलखत रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळापर्यंत मागे नेलं. हा बदल चित्रांत उतरलाय का, की नुसती प्रस्तावना नवी?

डिजिटल प्रत नको, चित्रांवरून मोजमापं काढतो. पेपरबॅक चालेल, पण लांब सारिसा भाल्यांची रांग बांधणीच्या घळीत गडप होत असेल तर नको. 1998 नंतरची पुनर्मुद्रणं कुणी हाताळली असतील तर तेही सांगा.

दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिलेलं कुणी आहे का? चिलखताची चित्रं तीच आहेत की नव्याने काढलीत, आणि रंगांची छपाई कुठली सरस?