अमेरिकेत वकील करायचाय, कंटिन्जन्सी फीचं गणित कोणी समजावेल का?

मंडळी, जरा मदत हवी आहे. दोन महिन्यांपूर्वी सिग्नलला थांबलेलो असताना आमच्या गाडीला मागून एकाने ठोकलं. नवऱ्याच्या मानेला चांगलाच मार बसलाय, फिजिओथेरपी अजून चालू आहे आणि त्या माणसाची इन्शुरन्स कंपनी सारखी फोन करतेय की सही करा नि चेक घ्या. सही केली की पुढे काही मागता येणार नाही एवढं कळलंय म्हणून थांबलोय.

काल एका वकिलांना भेटलो. ते म्हणाले कंटिन्जन्सी फी, म्हणजे निकालावर ठरणारी फी: आत्ता काही द्यायचं नाही, पैसे मिळाले तर तिसरा हिस्सा आमचा, दावा दाखल करावा लागला तर ४० टक्के. बाबांना फोनवर सांगितलं तर ते घाबरलेच, कारण भारतात निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. इथे अपघाताच्या केसेसमध्ये हे सर्रास चालतं.

माझं अडलंय ते खर्चापाशी. मेडिकल रेकॉर्ड्स, कोर्टाचे पैसे, तज्ज्ञ डॉक्टरची साक्ष हे सगळं फीपेक्षा वेगळं. समजा ६०,००० डॉलर मिळाले, खर्च ६,००० झाला. आधी फी कापली तर वकिलांचे २०,००० आणि खर्च जाऊन आमच्या हातात ३४,०००. आधी खर्च वजा केला तर फी १८,००० आणि आम्हाला ३६,०००. करारात 'ग्रॉस रिकव्हरी' लिहिलंय, म्हणजे पहिला प्रकार ना? बदलून मागितलं तर चालतं का? आणि केस हरलो तर झालेला खर्च आमच्या माथी येतो का, ते त्या कागदात मला कुठेच सापडलं नाही. उद्या परत जायचंय, प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद:
ताई, ग्रॉस म्हणजे पहिलाच प्रकार. बिनधास्त बदलून मागा, मी मागितलं होतं आणि मिळालं. हरल्यावर खर्च कोणाचा हे लेखी असल्याशिवाय सही करू नका, तोंडी शब्दावर अजिबात जाऊ नका. अजून एक, नवऱ्याच्या हेल्थ इन्शुरन्सने बिलं भरली असतील तर ते सेटलमेंटमधून बहुतेक परत मागतील, ती रक्कम कमी करून घ्यायचं काम वकील करणार का आणि त्याचे वेगळे पैसे लावणार का हेही उद्याच विचारा. माझ्या केसमध्ये सगळ्यात मोठी कपात तीच होती.