मदत हवी आहे: दुसरीतली लेक सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिते

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही बंगळुरूचं बिऱ्हाड आवरून कराडला आलो. लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. तिची पहिली तिकडे इंग्रजी माध्यमात, सीबीएसईच्या शाळेत झाली. इथे मात्र हट्टाने मराठी शाळेत घातलं. घरात आम्ही मराठीच बोलतो, मग अवघड काय जाणार, असं वाटलं होतं. आता तो हट्ट जरा अंगाशी येतोय.

मराठीचं सांगायचं तर हिंदीमुळे देवनागरी वाचता येत होतं. 'ळ'चा उच्चार खणखणीत (कन्नडची कृपा), पण अक्षरच ओळखीचं नव्हतं. ते आठवडाभरात जमलं. 'चमचा' वाचताना 'चहा'तला च लावते आणि वर्ग हसतो. सध्या जोडाक्षरं चालू आहेत. सूर्य, चंद्र, ट्रक, पुऱ्या असे चार शब्द फळ्यावर आले, तर घरी येऊन विचारते, "र एकच आहे ना, मग त्याला चार वेष कशाला?" मी भाजी परतत राहिले.

इंग्रजीत ती वर्गाच्या पुढे आहे, तिथे तेवढाच भाव वधारलेला. 'खेळू, करू, शिकू' (खेळ, हस्तकाम आणि कलेचा विषय) सगळ्यात लाडकं, त्यात मातीचा बैल केला आणि तो अजून टीव्हीवर उभा आहे.

खरी अडचण गणिताची. बेरीज-वजाबाकी येते, हातचाही कळतो. पण बाईंनी तोंडी संख्या सांगितली की घोळ. सत्तेचाळीस म्हटलं की ७४. त्रेसष्ट म्हटलं की ३६. बासष्ट आणि बाहत्तर तिला सारखेच ऐकू येतात. मागच्या चाचणीत दहापैकी सात संख्या उलट्या आल्या आणि वहीवर शेरा मिळाला, "घरी सराव घ्या." सराव म्हणजे नेमकं काय घ्यायचं, ते कोणी सांगत नाही. विचारायला गेले तर बाई चांगल्या बोलल्या, पण वर्गात चाळीस पोरं आहेत.

सासूबाई म्हणतात, "आम्हाला दुसरीत पावकी-निमकी पाठ होती." त्या रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसवून एक ते शंभर म्हणून घेतात. म्हणते ती घडाघडा. मध्येच बोट ठेवून "ही कोणती?" विचारलं की गप्प.

तर विचारायचंय ते असं. हे आपोआप सुटतं का? काही वेगळं करायला हवं का? आणि दुसरीच्या मुलाला सगळे विषय धरून एकंदर काय काय यायला हवं, हे कोणी साध्या भाषेत सांगेल का? परिसर अभ्यास नावाचा विषय पुस्तकांत कुठे दिसतच नाही, पुस्तक मिळायचं राहिलंय की काय?

---

बिनपगारी_बाप

परिसर अभ्यास तिसरीपासून. पुस्तक हरवलेलं नाही, निवांत राहा. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, एकदा चाळून घ्या.

---

जुनी_पाटी

हे सगळं त्या 'वीस एक, वीस दोन'मुळे झालंय. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हे घुसवलं तेव्हाच आम्ही म्हणत होतो. एकवीस-बावीस म्हणायला काय जीभ झिजते? उद्या अडीच-दीडही जाणार.

---

कोयनाकाठ

काका, माझ्या मुलीला अजून कोणी वीस एक शिकवलेलंच नाही. ती जुन्या पद्धतीनेच उलटं लिहितेय.

---

खडू_आणि_डस्टर

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, यंदा सोळावं वर्ष. जरा सविस्तर लिहिते.

आधी धीर धरा. तुमच्या मुलीचं गणित कच्चं नाही. हातचा कळणाऱ्या मुलीला दशक-एकक कळलेलं असतं. ती जसं ऐकते तसं लिहिते, इतकंच. सत्तेचाळीसमध्ये कानावर आधी सात येतो, मग चाळीस. इंग्रजीत चाळीस आधी. कन्नडमध्येही तसंच ना? म्हणजे आजवर तिने ज्या भाषांत आकडे मोजले, त्यांत ऐकल्या क्रमाने लिहिलं की बरोबर यायचं. मराठीत पहिल्यांदाच थांबावं लागतंय. आमच्याकडे जन्मापासून मराठी बोलणारी पोरंही असंच उलटं लिहितात, फक्त ती पहिलीत लिहून मोकळी होतात.

आता काय करायचं. एक ते शंभर ओळीने म्हणून घेणं आठवडाभर बंद ठेवा. आजींना वाईट वाटेल, त्यांना दुसरं काम देते. काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा, थोड्या सुट्या ठेवा. आजींनी संख्या म्हणायची, मुलीने पेन्सिलला हात लावायचा नाही. पूर्ण ऐकायचं, आधी गठ्ठे उचलायचे, मग सुट्या काड्या, आणि त्यानंतरच लिहायचं. वर्गात मी याला "शेपूट धरा" म्हणते, कारण मराठी संख्येचं दशक शेपटात असतं. शेवटी चाळीस आलं की चार गठ्ठे. वन्न किंवा पन्न आलं की पाच (बावन्न, त्रेपन्न). सष्ट आलं की सहा, हत्तर आलं की सात, ऐंशी आलं की आठ, ण्णव आलं की नऊ. बासष्ट आणि बाहत्तर सारखे वाटतात कारण ती डोकं ऐकते, दोन्हीचं डोकं 'बा'च आहे. शेपूट ऐकायला लागली की तो गोंधळ जातो.

एका वेळी एकच घर घ्या. साठीचं घर दोन दिवस, मग सत्तरीचं, मग दोन्ही मिसळून.

वीस एकबद्दल. पुस्तकात जुनी नावं काढून टाकलेली नव्हती, दोन्ही पद्धती दिल्या होत्या. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी हेच पुन्हा पुन्हा सांगितलं. पण "फडणवीसांना आता फडण दोन शून्य म्हणायचं का" हा विनोद विधानसभेपर्यंत गेला आणि मूळ मुद्दा बाजूला पडला. मी स्वतः दोन्ही वापरते. "चाळीस आणि सात, म्हणजे सत्तेचाळीस" असं जोडून म्हणते. पोरं महिन्याभरात पहिला भाग आपणच गाळतात.

बाकी विषयांचं: दुसरीला प्रथम भाषा, गणित, इंग्रजी आणि खेळू-करू-शिकू, एवढंच. वर्षअखेर सोपा, आधी न पाहिलेला उतारा समजून वाचता यावा, चार-पाच वाक्यं स्वतःच्या मनाने लिहिता यावीत. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचणं, ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी असं लक्ष्य आहे. पण घड्याळ लावून वाचायला बसवू नका, पोरं अर्थ सोडून धावायला लागतात. आणि चाचणीचा एवढा धसका नको. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला (वर्षभरातलं वर्गातलं काम) ७० गुण असतात, संकलितला (सत्राअखेरची परीक्षा) ३०. म्हणजे तो मातीचा बैलही धरला जातो.

---

ऱ्हाईनकाठची

कोयनाकाठ, तुमच्या लेकीला सांगा की जर्मनीत तिच्याच वयाची लाखो पोरं हेच करतात. माझा मुलगा इथे दुसरीत आहे. जर्मनमध्ये ४७ म्हणजे 'सीबेन-उंट-फीर्त्सिश', शब्दशः सात-आणि-चाळीस. इथे दुसरीत सगळा भर शंभरापर्यंतच्या संख्यांवरच असतो आणि उलट लिहिणं ही शिक्षकांची रोजची डोकेदुखी. गंमत म्हणजे २००४ साली बोखुमच्या लोथार गेरिट्झेन नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी याविरुद्ध संस्थाच काढली, तिचं नाव 'त्स्वान्त्सिगआइन्स', म्हणजे चक्क 'वीस-एक'! इकडेही त्यांच्यावर विनोदच झाले. नॉर्वेने मात्र १९५१ मध्ये सरकारी निर्णय घेऊन दशक आधी म्हणायला सुरुवात केली. म्हातारी माणसं तरी जुन्याच पद्धतीने मोजत राहिली म्हणे.

माझा मुलगा फोन नंबर मराठीतून सांगताना एकेक आकडा सांगतो. जोडीने सांगायची हिंमत नाही.

---

जुनी_पाटी

नॉर्वेचं नॉर्वेला. पण शेपटाची युक्ती पटली. नातवावर करून बघतो.

---

बिनपगारी_बाप

आमच्याकडे दुकान-दुकान खेळून जमलं. दहाच्या कागदी नोटा आणि एक रुपयाची नाणी. "त्रेपन्न रुपये झाले" म्हटलं की आधी नोटाच मोजाव्या लागतात, नाण्यांनी सुरुवात केली तर गिऱ्हाईक ओरडतं. गिऱ्हाईक मी. दप्तराचं वजनही करून बघा जाता जाता, पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलोच्या वर नको असं दप्तराबाबतच्या २०२०च्या धोरणात आहे. आमचं पाण्याच्या बाटलीसकट साडेतीन भरलं होतं.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

झाडूच्या काड्यांचे गठ्ठे केले. सासूबाई आधी रुसल्या, मग त्यांना "तुम्ही फक्त संख्या सांगायच्या" म्हटल्यावर खुलल्या. आता त्याच मुद्दाम बासष्ट-बाहत्तर, त्रेसष्ट-त्र्याहत्तर अशी जोडी टाकतात आणि ही जिंकली की शेंगदाण्याचा लाडू. साठ आणि सत्तरची घरं बसली. परवा चाचणीत दहापैकी आठ बरोबर आल्या. वॉचमन काकांनी शिकवलेलं 'नलवत्तेळु' आठवून तिने स्वतःच सांगितलं की कन्नडमध्ये चाळीस आधी येतं आणि मराठीत "पाहुणा आधी, घर नंतर". ही तिची भाषा, माझी नव्हे.

चार वेषांच्या र ला बाईंनी वर्गात उत्तर दिलं: र ला एका जागी बसवत नाही म्हणून तो कधी डोक्यावर चढतो, कधी पायात येतो. तिचं समाधान झालं, माझं अर्धवट.

एक अडचण उरली. एकोणसत्तर. शेपूट धरली तर सत्तर, म्हणून सात गठ्ठे काढते आणि ७१ लिहिते, कारण "एक आहे ना त्यात!" एकोणसाठ, एकोणऐंशी, सगळीकडे हेच. त्यात नव्याण्णव या रांगेत बसत नाही म्हणून वर भांडते. बाई, यासाठी काय करता तुम्ही?

---

खडू_आणि_डस्टर

सात गठ्ठे काढू द्या. मग एका गठ्ठ्याचं रबर सोडून तिच्याच हाताने एक काडी परत द्यायला लावा. "एकोण म्हणजे एक कमी, एक आजीला परत." उरलेलं मोजायला सांगा. दोन दिवस आजीकडे काड्या जमू देत. नव्याण्णवबद्दल ती भांडते ते बरोबरच आहे, भांडू द्या.