मदत हवी आहे : 'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावं?

नमस्कार मंडळी. माझा भाचा 14 वर्षांचा आहे. दीड वर्षापासून चोऱ्या, मारामाऱ्या, शाळेला दांड्या सुरू आहेत. त्याचे वडील तुरुंगात जाऊन आलेले, त्यामुळे नातेवाईक सरळ म्हणतात, "रक्तातच आहे ते." तेही त्याच्यासमोर! जीव तुटतो माझा.

म्हणून वाचायला लागले. जुळ्या आणि दत्तक मुलांवरच्या अभ्यासांचा 2002 सालचा एक मोठा आढावा आहे. त्यात समाजविरोधी वर्तनातल्या फरकांमागे अनुवंशिकतेचा वाटा साधारण 41 टक्के निघाला, उरलेला परिस्थितीचा. पण हा आकडा लोकसमूहातल्या फरकांचा, एकेका मुलाचं भविष्य नव्हे. त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या अभ्यासात एमएओए (मेंदूतली काही रसायनं मोडणारं एन्झाइम बनवणारं) या जनुकाचा कमी क्रियाशील प्रकार असलेल्या मुलग्यांपैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला, त्यांच्यातच असं वर्तन ठळकपणे वाढलेलं दिसलं. नुसत्या जनुकाने फारसं काही घडलं नाही.

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये अशा वर्तनाचे लहानपणापासून चालत आलेलं आणि किशोरवयापुरतं, असे दोन प्रकार मांडले. आमचा मुलगा बारा वर्षांपर्यंत अगदी शांत होता. मला त्याचाच आधार वाटतो.

कुणाच्या घरी कौटुंबिक समुपदेशनाने किंवा पालक-प्रशिक्षणाने फरक पडला का? मुलाला यायला राजी कसं केलंत? वाईट संगत तोडताना त्याच्याशी नातं तुटू नये म्हणून काय केलंत? माझी बहीण पार खचली आहे, तिला नेमकं काय सांगू?