देवघरातली पुंगळी: ५००/४६५ म्हणजे काय?

लष्करवाली (ग्वाल्हेर): दौलतगंजातलं जुनं घर आवरताना आजीची उदबत्तीदाणी चिंचेने घासली, तर ती काडतुसाची पितळी पुंगळी निघाली! लांबी ८२ मिमी, तोंडाशी गळा आवळलेला, बुडावर पुसट ‘किनॉक’ आणि ‘५००/४६५’. पणजोबा शिकारखान्यात कारकून होते, बंदूक कधी हाती धरली नसावी. बाबा म्हणतात तोफेची आहे, काका म्हणतात ५०० म्हणजे किंमत. दोन आकडे कशाला?

बडोदेकर: काकांच्या हिशेबाला दंडवत.

जुनाबार (इंदूर): तोफ नव्हे, दुनळी शिकारी रायफल. किनॉक हा काडतुसं बनवणारा इंग्रज कारखाना. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूकवाल्यांचं हे काडतूस १९०७ चं. आकडे इंचाच्या हजाराव्या भागात: ५०० ही मूळ पुंगळी, तिचा गळा आवळून ४६५ केलं. गोळी मोजाल तर भरेल ०.४६८ इंच, इंग्रजांचं हे नेहमीचंच, नाव एक नि माप दुसरं.

गंमत सरकारी हुकमात आहे. रिग्बी या बंदूकवाल्याने १८९८ मध्ये ४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस काढलं, शिकाऱ्यांनी डोक्यावर घेतलं. पण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही ४५० च्याच. बंडखोरांना दारूगोळा मिळेल या धास्तीने हिंदुस्थानात नि सुदानात ४५० वर बंदी आली. मग बंदूकवाल्यांनी बोअर, म्हणजे नळीचं भोक, थोडं वाढवलं: ४६५, ४७०, ४७५. तुमच्या ४६५ ची गोळी ४५० सारखीच ४८० ग्रेन, म्हणजे ३१ ग्रॅम. वेगही तोच, सेकंदाला २,१५० फूट. वाघाला काय फरक पडणार? फरक कागदावर.

आणि पुंगळी एवढी लांब का? आत कॉर्डाइट नावाची दारू असायची, शेवयांसारख्या काड्या, सुमारे ७३ ग्रेन. ते तापलं की दाब चढतो. तुमच्याकडच्या मे महिन्यात पुंगळी फुगून नळीत चिकटली, तर समोर जखमी वाघ नि हातात न निघणारी पुंगळी! म्हणून आत जागा ऐसपैस, दाब मुळातच कमी.

बुडाच्या टोपीवर खड्डा आहे ना? आत टॉर्च मारा, बहुधा टोपीची ठिणगी आत जायची दोन बारीक भोकं दिसतील.

बडोदेकर: आणि ट्रंकेत अख्खं काडतूस सापडलं तर घासत बसू नका, आधी पोलीस ठाण्यात कळवा.

लष्करवाली: खड्डा आहे. भोकं दिसेनात म्हणून सुई घातली, तर आधी बोटभर राख निघाली, मग खालून दोन्ही भोकं. काकांना सांगितलं. ते आता विचारतायत, कितीला जाईल, ४६५ ला?