बॅकअपमधे १२८ टेराबाइटची फाइल निघाली, कोणतं टूल वापरू?

केळीवाला_सावदा
राम राम मंडळी. केळीच्या हिशोबाचा जुना पीसी आहे, ५०० जीबीची डिस्क, त्यात उबुंटू लिनक्स. बाहेरच्या १ टीबी डिस्कवर सगळा बॅकअप घ्यायला पायथनमधे स्क्रिप्ट लिहिली, आधी साइजची बेरीज करते मग कॉपी. काल रात्री बेरीज आली १२८ टेराबाइट! चष्मा पुसून परत पाहिलं भो. शोधलं तर एकच फाइल, /प्रॉक/केकोर, आणि तिथल्याच सीपीयूइन्फोची साइज शून्य, पण कॅट कमांडने उघडलं तर पानंच्या पानं मजकूर. डिस्क गेली का व्हायरस? फुकटातलं टूल सुचवा.

भुसावळी_लोको
डिस्क ठणठणीत आहे रे. /प्रॉक डिस्कवर नाहीच, तू वाचायला गेलास की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तेव्हाच मजकूर तयार करून देतो, मग आधी साइज काय सांगणार, शून्य सांगून मोकळा. वांगी भाजायच्या आधी भरीत किती किलो झालं विचारल्यासारखं आहे ते. केकोर म्हणजे कर्नलच्या मेमरीत डोकावायची खिडकी, ६४ बिटच्या नेहमीच्या पीसीवर पत्त्यांची जागाच तेवढी म्हणून १२८ टीबी दिसतात, डिस्कवर एक ब्लॉकही, म्हणजे जागेचा एक तुकडाही, नाही. साधी डीयू कमांड ब्लॉक मोजते म्हणून ती तिथे शून्य दाखवेल, तुझी स्क्रिप्ट नुसती साइज विचारते म्हणून फसली. /सिस या तसल्याच फोल्डरमधे तर अजून गंमत, माझ्या लॅपटॉपच्या बॅटरीची कपॅसिटी फाइल ४०९६ बाइटची दिसते, आत ८७ आणि एक एंटर, झाले ३ बाइट. तारखांवरही जाऊ नको, /प्रॉकमधल्या बऱ्याच फायली आत्ताचीच वेळ दाखवतात, कालनंतर बदललेलं तेवढं घे म्हटलं की त्या रोज नव्या. स्क्रिप्ट ठेव बाजूला, आरसिंक हे कॉपीचं फुकट टूल वापर, -एक्स लाव, म्हणजे ते दुसऱ्या फाइलसिस्टिममधे, /प्रॉक, /सिससारख्या वेगळ्या जोडलेल्या भागांत, घुसत नाही. एक्स छोटा हं, मोठ्या एक्सचं काम वेगळं.

अमळनेर_ताई
लोको दादांचं बरोबर, पण थांबा. /होम, म्हणजे आपल्या फायलींचं फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) असेल तर -एक्स तेही सोडून देतं आणि एरर पण येत नाही. माझं झालंय असं, बॅकअपमधे सगळी सिस्टिम आणि फोटो एकही नाही. डीएफ /होम ही कमांड मारून बघा, शेवटच्या रकान्यात नुसतं / आलं तर एकच पार्टिशन, /होम आलं तर त्याचा बॅकअप वेगळा चालवा. -एक्सने बाहेरची डिस्कपण आपोआप वगळली जाते, नाहीतर बॅकअपचाच बॅकअप.

केळीवाला_सावदा
ताई वाचवलं तुम्ही, /होमच आलं रकान्यात! दोन वेळा चालवलं, सगळं मिळून ६१ जीबी. पावत्या उघडून बघितल्या, आहेत. लोको भाऊ, सावद्याकडे आले तर भरीत माझ्याकडे.

भुसावळी_लोको
किलोत सांग किती ते, आधीच.